दाईचं पथ्य

शहापुरात उपेंद्रशास्त्री वैद्यांचं घर विचारलं की लोक आधी हसायचे आणि मग वाट दाखवायचे. हसण्याचं कारण दूध. रोगी डोकेदुखीचा असो की मुळव्याधीचा, शास्त्रीबुवा त्याची नाडी सोडायच्या आत विचारायचे, "दूध कसं पितोस?" पितोस का, असं नव्हे; कसं पितोस. मग तो बिचारा सांगायचा, सकाळी भाकरीबरोबर पितो, दुधात मीठ टाकून पितो, नाहीतर केळं कुस्करून खातो. शास्त्रीबुवा कपाळाला हात लावायचे. "अरे, ते अमृत आहे. त्याचं विष करून पितोस आणि वर मला औषध मागतोस!"

वसुधा त्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला हे नेम पाठ करावे लागले होते. दुधाच्या भांड्याजवळ मिठाचा हात न्यायचा नाही. ज्या दिवशी कुळथाची आमटी किंवा मुळ्याची भाजी, त्या जेवणाला दुधाचं नावही काढायचं नाही. शिकरण हा पदार्थ तर त्या घराला माहीतच नव्हता. दूध गाईचं, चांगलं उकळलेलं, सुंठीचा तुकडा घालून कोमट केलेलं, आणि तेही संध्याकाळचं जेवण जिरल्यावर. माहेरी ती सणासुदीला शिकरणावर ताव मारायची. पहिल्या वर्षी तिला या सगळ्याचं हसू यायचं, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि पुढे ती स्वतःच शेजारणींना सांगू लागली, की अगं, दुधावर चिंच खाऊ नकोस.

तिचा नवरा गोपाळ लोंढ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. तिथं घर घेण्यासारखी हवा नाही असं सासऱ्यांचं मत, म्हणून वसुधा शहापुरातच राहायची आणि गोपाळ रजा मिळेल तसा येऊन जायचा. सासूबाई कधीच गेल्या होत्या. घरात सासरे आणि सून. शास्त्रीबुवा तिला मुलीसारखं वागवायचे. तिचं पहिलं मूल महिन्याभराचं होऊन गेलं, तेव्हा गोपाळ लोंढ्याला होता आणि तिच्या उशाशी बसून तिला घोट घोट पेज पाजणारे शास्त्रीबुवाच होते.

सव्वीस-सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. त्या रात्री विजा फार चमकत होत्या म्हणून आजोबांनी हौसेनं नाव ठेवलं विद्युल्लता. पण बाळंतपणातच वसुधाला ताप भरला. सूतिकेचा ताप, हटवादी. शास्त्रीबुवांनी जिवाचं रान करून तिला उठवलं. दूध मात्र परत आलं नाही. पोरीला गाईचं दूध घातलं तर ती ओकायची. बकरीचं दिलं, ते दोन दिवस टिकलं, मग जुलाब सुरू झाले. कातडी हाडांवरून ओघळायला लागली. वसुधा पाळण्यापाशी बसून राहायची आणि बघायची, श्वास चालू आहे की नाही. पहिल्या बाळाच्या वेळीही ती अशीच बसून होती.

"दाई बघितली पाहिजे," शास्त्रीबुवा म्हणाले.

शास्त्रात दाई कशी असावी हे सगळं लिहिलेलं होतं. तरुण, निरोगी, स्वभावानं शांत, जिचं स्वतःचं मूल जगलं वाढलं आहे अशी, आणि आपल्या वर्णाची. शेवटची अट पुरी होईना. ब्राह्मणाच्या घरातली कोण बाई दाई म्हणून येणार? शास्त्रीबुवांनी एक दिवस विचार केला आणि ती अट सोडून दिली. त्यांना मष्णूची आठवण झाली होती.

मष्णू जांबोटीकडचा. काही वर्षांपूर्वी जंगलात झाड अंगावर पडून त्याच्या मांडीचा पार चुरा झाला होता. गावकऱ्यांनी त्याला डोलीत घालून शहापुरात आणलं. पाय कापायला हवा असं सगळे म्हणत होते. शास्त्रीबुवांनी त्याला आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं, बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला, तेलं, लेप, रोजचं दूध, सगळं घरून केलं आणि त्याला चालत घरी पाठवलं. तेव्हापासून मष्णू दर वर्षी नव्या भाताचे पोहे घेऊन यायचा आणि पायरीला डोकं टेकून जायचा. त्याला मुलगा झाल्याचं तोच सांगून गेला होता.

शास्त्रीबुवांनी निरोप धाडला. मष्णूनं विचारसुद्धा केला नाही. श्रावणाच्या झडीत, डोक्यावर इरलं घेतलेली बायको पाठीमागून आणत तो दारात उभा राहिला. "आप्पा, तुमी मला पाय दिलासा. ही गुणाबाई. लागंल तवर ठिवून घ्या."

गुणाबाई अंगानं भरलेली, सावळी, रुंद कपाळाची. पोराला ती घरी सासूपाशी ठेवून आली होती. दोघांना पुरेल इतकं दूध निघणार नाही आणि विद्युल्लता अर्धपोटी राहील, असं शास्त्रीबुवांनीच कळवलं होतं. पण त्यांनी त्या पोराचाही विचार केला नव्हता असं नाही. मष्णू परत निघाला तेव्हा त्यांनी दारात बांधलेली दुभती शेळी त्याच्या हाती दिली. "बाळाला हिचंच दूध. निम्मं पाणी घालायचं, वावडिंगाचे दाणे टाकून उकळायचं, कोमट पाजायचं. म्हशीचं चुकूनही देऊ नका. लहान पोटाला ते पेलत नाही." मष्णूनं ते तीनदा म्हणून दाखवलं आणि शेळीला खांद्यावर घेऊन तो पावसात दिसेनासा झाला.

शास्त्रीबुवांनी वाटीभर पाणी मागवलं. गुणाबाईनं आतल्या खोलीत जाऊन दुधाचे थेंब त्यात पिळून दिले. थेंब पाण्यात सारखे मिसळले. ना तळाला बसले, ना वर तवंग आला. "शुद्ध आहे," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज सैल झाला.

विद्युल्लता गुणाबाईच्या पदराखाली गेली ती पुरती अर्धा प्रहर बाहेर आली नाही. वसुधा दाराला टेकून रडत राहिली.

मग गुणाबाईचं पथ्य सुरू झालं. साळीचा भात, मूग, तूप, शतावरी घालून उकळलेलं दूध, दिवसातून दोनदा वाडगाभर. मिरची नाही, आंबट नाही, कुळीथ नाही. तिच्या गाठोड्यात सुक्या मासळीची पुडी होती, ती शास्त्रीबुवांनी न रागावता बाहेर ठेवायला लावली. "मासे आणि दूध एका पोटात गेले की रक्त बिघडतं, बाई. तुझ्या रक्ताचंच दूध होतंय." आणि आणखी एक नेम होता, तो त्यांनी वसुधाला बाजूला घेऊन सांगितला. "दाईला राग येऊ द्यायचा नाही, उपास घडू द्यायचा नाही आणि दुःख होऊ द्यायचं नाही. शोकानं दूध आटतं, नाहीतर दूषित होतं. तिचं मन प्रसन्न ठेवणं तुझ्याकडे."

वसुधानं ते मनापासून केलं. तिची वेणी घालायची, तिला ओट्यावर बसवून गप्पा मारायची. गुणाबाईला दुधाचाच कंटाळा यायचा. "आक्का, आमच्याकडं दूध पितंय कोन? वासरू पितंय, उरलं त्याचं तूप. आन हितं मी वासरागत दोनदा वाडगं तोंडाला लावतो. लई झालं बगा." वसुधा हसून म्हणायची, पी गं, पोरीसाठी पी. गुणाबाई डोळे मिटून वाडगं रिकामं करायची. एकदा ते खाली ठेवत ती म्हणाली, "हितनं जांबोटीपतोर दूध न्यायची सोय असती तर माज्या पोराला धाडलं असतं." म्हणाली आणि लगेच पदरानं तोंड पुसून विद्युल्लताला उचललं.

पोरीच्या अंगावर मूठ मूठ मांस चढत होतं. भाद्रपदात तिच्या मनगटांना वळ्या पडल्या.

भाद्रपदातच मष्णू आला. गुणाबाई परसात पोरीला न्हाऊ घालत होती. वसुधा स्वयंपाकघरातून ताकाचा पेला घेऊन ओसरीवर निघाली होती. मष्णूचा आवाज ऐकून दाराआड थबकली.

"शेळी वाघरानं नेली, आप्पा. गोठ्याचं कूड फोडून. म्हातारीनं मग म्हशीचं घातलं. काय करंल? पोरगं रडतंय. आता जुलाब थांबंनात."

शास्त्रीबुवांनी बारीक चौकशी केली. कितीदा होतं, रंग कसा, टाळू खोल गेलीय का. औषधाच्या पुड्या बांधल्या, पाण्यात साळीच्या लाह्या उकळून ते पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला सांगितलं. दुसरी शेळी कुठून तरी मिळव म्हणाले.

"तिला आठ दिस धाडता का?" मष्णूनं खाली बघत विचारलं. "आईच्या अंगावर पडलं तर उठंल पोरगं."

शास्त्रीबुवांनी पुड्यांची गाठ पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, "मष्णू, पावसात ती घाट चढून भिजत जाणार, वाटभर काळजी करणार. काळजीनं दूध बिघडतं. ते बिघडलेलं दूध तुझ्या पोराला अजून बाधेल. आणि इकडे माझ्या नातीचंही दूध सुटेल. दोन्ही जिवांना धोका. औषधानं उतार पडेल. तिला कळू न देता जा."

ते जे बोलले त्यावर त्यांचा विश्वास होता. वसुधाचाही बसला, बसवून घेतला म्हणा. ताकाचा पेला तिनं ओसरीवर नेऊन ठेवला. मष्णूनं तो घेतला नाही. परसातून गुणाबाईचं गाणं ऐकू येत होतं, आणि तो पायरीवर उभा राहून ते ऐकत होता. मग गेला.

नवरात्र सरत आलं तेव्हा तो पुन्हा आला. या वेळी त्याला काही सांगावं लागलं नाही. शास्त्रीबुवांनी त्याचं तोंड बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली.

"गेलं, आप्पा."

म्हातारा माणूस खरोखर रडला. वसुधानं सासऱ्यांना सासूबाईंच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. मष्णू मात्र कोरडा होता. शेवटी त्यानंच विचारलं, "तिला हाक मारता का? घिऊन जातो."

शास्त्रीबुवांनी उपरण्यानं डोळे पुसले. त्यांनी आत पाहिलं. दारात वसुधा उभी होती आणि तिच्या कडेवर विद्युल्लता, अंगठा चोखत. त्या क्षणी सासऱ्यांनी तिला काही विचारलं नाही. पण ते थांबले होते, आणि वसुधाला पुढे कायम वाटत राहिलं, की ते आपल्याच उत्तराची वाट बघत होते. तिनं पोरीला छातीशी आवळून धरलं. एवढंच केलं.

"आत्ता नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "पोरगं तर गेलं. आता तिला कळलं की दूध आटेल आणि ही पोर पुन्हा त्याच वाटेला लागेल. दात येऊ देत, अन्नाला लागू दे. मी स्वतः सांगेन. योग्य वेळ बघून."

मष्णूनं आपल्या पायाकडे पाहिलं. तो पाय जरा वाकडाच जुळला होता. "तुमी म्हनशीला तसं," तो म्हणाला आणि पायरीला डोकं न टेकता निघून गेला.

त्या दिवसापासून संध्याकाळचं वाडगं वसुधाला जड झालं. तेच दूध, तीच शतावरी. ती ते गुणाबाईपुढं ठेवायची आणि काहीतरी काम काढून आत पळायची. गुणाबाईच्या तोंडी आता घरचाच विषय असायचा. पोरगं धरून उभं राहायला लागलं असेल. सासूचं डोळं अधू, ते रांगत चुलीकडं गेलं तर? दिवाळीला मला धाडणार न्हवं, आक्का? वसुधा म्हणायची, मामंजींना विचारते. शास्त्रीबुवा म्हणायचे, अजून थोडं. पोरीच्या हिरड्या शिवशिवतायत, या दिवसांत दूध बदलणं बरं नव्हे.

दिवाळीच्या आधी गोपाळ लोंढ्याहून आला तेव्हा वसुधानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "बाबा म्हणतात तर त्यात काहीतरी असेल," तो म्हणाला. "आणि तू बघ ना, पोर कशी झालीय." त्यानं विद्युल्लताला हवेत उडवलं, ती खिदळली, आणि तो विषय तिथंच राहिला.

त्यानंच येताना खणाचं तांबडं कापड आणलं होतं. वसुधानं त्याचं पोरीला झबलं शिवलं आणि एक तुकडा उरला. गुणाबाईनं तो उन्हात धरून बघितला.

"आक्का, हा मला द्या की. पोराला टोपडं शिवतो."

वसुधाच्या हातातली कात्री तशीच राहिली. काय म्हणायचं? नाही म्हटलं तर का, असं ती विचारणार. "घे की," ती म्हणाली.

"पर डोसकं केवडं झालं असंल आता?" गुणाबाई विचारात पडली. मग तिला सुचलं. "हिच्याच मापाचं करतो. माजं चार म्हैन्यानं मोठं, पर हिचं अंग बाळसेदार. धरा जरा हिला."

वसुधानं विद्युल्लताला मांडीवर धरलं. गुणाबाईनं दोऱ्यानं पोरीच्या डोक्याचं माप घेतलं, कपाळापासून मागं, कानापासून कानापर्यंत, आणि वर बोटभर वाढवा ठेवला, पोरगं वाढेल म्हणून. दुपारभर ती ओसरीच्या खांबाला टेकून शिवत बसली. वसुधा समोर बसली होती. गोपाळ झोपला होता, शास्त्रीबुवा कुणा रोग्याकडे गेले होते. ऐकायला कुणी नव्हतं. आता सांगावं, तिनं ठरवलं. तोंड उघडलंसुद्धा.

"गुणाबाई—"

"काय वं आक्का?"

तेवढ्यात पाळण्यात पोर जागी झाली आणि भुकेनं ओरडली. गुणाबाईनं सुई कापडात टोचून ठेवली, तिला उचललं आणि पदराखाली घेतलं. ओरडणं थांबलं. घुटूक घुटूक आवाज यायला लागला. वसुधा तो आवाज ऐकत बसली. "काय म्हनत हुता?" गुणाबाईनं मान वर करून विचारलं.

"काही नाही. टोपड्याला नाडी देते, रेशमाची."

आणि तिनं खरोखरच उठून नाडी दिली.

दिवाळी गेली. जांबोटीकडचे गाडीवान लाकडं आणि कोळसा घेऊन शहापुरात येत, त्यांतला ज्योतिबा हा गुणाबाईच्या गावचा. मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्याची गाडी गल्लीत आली. गुणाबाईला बाहेरून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला तशी ती टोपडं घेऊन धावत सुटली. वसुधा खिडकीशी तांदूळ निवडत होती.

"ज्योतिबाआण्णा, येवडं माज्या घरात देशीला? पोराचं हाय."

ज्योतिबा गाडीच्या साट्यावरून खाली उतरला. त्यानं टोपडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वैनी, असं करू ने. झालं ते झालं. कुनाला घालायचं आता हे?"

वसुधाच्या हातातलं सूप कलंडलं.

"काय झालं वं आण्णा?" गुणाबाईनं विचारलं. मग ज्योतिबाचं चाचरत बोलणं आलं. नवरात्रात गेलं... मष्णू सांगून आला म्हणाला... मला वाटलं तुला ठाऊक हाय... आई गं.

गुणाबाई आत आली. ती धावत आली नाही. ओसरीवर शास्त्रीबुवा खलात काहीतरी घोटत होते. तिच्याकडे पाहून त्यांचा हात थांबला.

"आप्पा, तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"नवरात्रापास्नं?"

"हो, बाई. बाळाच्या दुधाला अपाय होऊ नये म्हणून... मी सांगणारच होतो. योग्य वेळ—"

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. दारात वसुधा आली होती, तिच्याकडे वळली. "आक्का, तुमालाबी?"

वसुधानं मानेनंच हो म्हटलं. गुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर वसुधाला बरं वाटलं असतं. तिथं नुसतं आश्चर्य होतं, जसं रोजच्या वाटेवरची विहीर एक दिवस जागेवर नसावी.

"मी हिचं माप घेतलं," गुणाबाई म्हणाली. "तुमी धरलासा की हिला."

आत पोर रडायला लागली होती. तिच्या पाजण्याची वेळ झाली होती. तो आवाज कानावर पडला तशी गुणाबाईच्या चोळीवर ओल उमटली. दूध आटलं नव्हतं. तिनं स्वतःच्या छातीकडे पाहिलं, पदर घट्ट ओढून घेतला आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागली. पाळण्याकडे तिनं पाहिलं नाही. शास्त्रीबुवा उभे राहिले, दोन पावलं पुढं आले, "गुणाबाई, अगं ऐक," म्हणाले. ती त्यांच्या बाजूनं अंग चोरून गेली आणि ज्योतिबाच्या गाडीत, कोळशाच्या पोत्यांना टेकून बसली. गाडी गल्लीच्या वळणाला दिसेनाशी होईतो वसुधा पोरीला घेऊन दारात उभी होती. पोर त्या दिशेला हात करून आक्रोश करत होती.

मग काय झालं? काही झालं नाही. तेच तर वसुधाच्या मनातून कधी गेलं नाही. दोन दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं. शास्त्रीबुवांनी भीत भीत गाईचं दूध दिलं, वावडिंग घालून, पाणी घालून. ते पोटात राहिलं. चार दिवसांनी पाण्याचं प्रमाण कमी केलं, तेही पचलं. आठवड्याभरात ती मुगाचं पाणी आणि मऊ भात चाटायला लागली, हसायला लागली. हे नवरात्रातही झालं असतं. निदान करून तरी बघता आलं असतं. कुणी करून बघितलं नव्हतं.

एकदा, फक्त एकदाच, वसुधा सासऱ्यांपुढं बोलली. संध्याकाळचं दूध घेऊन गेली होती. पेला खाली ठेवून ती तशीच उभी राहिली. "मामंजी, दाई आपल्या वर्णाची हवी, असंही शास्त्रात होतं ना?"

"होतं."

"तो नियम आपण सोडलात."

शास्त्रीबुवांनी पेल्याकडे पाहिलं. "तो सोडण्यात आपली सोय होती, वसुधे," ते म्हणाले. "आणि हा पाळण्यात." मग म्हणाले, "शास्त्रात लिहिलंय, दाईला शोक होऊ देऊ नये. शोक लपवावा असं कुठं लिहिलेलं नाही. ते मी घातलं."

त्यांनी मष्णूकडे दोनदा निरोप धाडला. पहिल्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी निरोप्यानं सांगितलं, मष्णू भेटला, ऐकून घेतलं, पाणी दिलं, बोलला काहीच नाही. पोहे त्या वर्षापासून आले नाहीत. एका पौषात शास्त्रीबुवा स्वतः जायला निघाले, पण खानापूरच्या पुढं त्यांना धाप लागली आणि गाडीवानानं गाडी वळवली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

विद्युल्लता नऊ-दहा वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा एकदा खानापुरात नात्यातलं लग्न निघालं. लग्न आटोपल्यावर वसुधानं गोपाळला सांगितलं, की मी जांबोटीला जाऊन येते. तो येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. भाड्याची बैलगाडी केली आणि पोरीला घेऊन निघाली. वाटेत पोरीला एवढंच सांगितलं, की तू लहान असताना जिनं तुला दूध पाजलं, तिच्याकडे जातोय.

घर सापडायला वेळ लागला नाही. गुणाबाई अंगणात भात वाळत घालत होती. केस पिकायला लागले होते. शेजारी दोन मुली खेळत होत्या, एक सात-आठ वर्षांची, एक लहान. तिनं वसुधाला लगेच ओळखलं. "या," म्हणाली. घोंगडं आंथरलं, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवला. मष्णू रानात गेलाय, सांजच्याला येईल. सासू वारली. म्हातारे आप्पा कसे आहेत? गेले का? अगं बाई. हे सगळं ती रीतीनं बोलली, जसं कुठल्याही पाहुणीशी बोलतात.

विद्युल्लतानं आईनं शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला. गुणाबाईनं हात वर केला, पण तो पोरीच्या डोक्यापर्यंत गेला नाही. "सुकी ऱ्हा," म्हणाली. तिनं पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं, फार वेळ, आणि मग आपल्या मोठ्या मुलीला हाक मारून सांगितलं, हिला ओढ्याकडं घिऊन जा, खेकडी दाव.

दोघीच राहिल्या. वसुधानं वाटभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही जागेवर सापडेना.

"मी तुला सांगायला हवं होतं, गुणाबाई."

"व्हय," गुणाबाई म्हणाली. "हवं हुतं."

तिनं भातावर पसरलेला हात मागं-पुढं केला. "मी काय केलं असतं म्हनता? तवाच पाजायचं सोडलं असतं? मला ठावं न्हाय. सोडलं असतं, न्हायतर रडत रडत पाजलं असतं. ते माजं मी बगितलं असतं. पर दोन म्हैने मी हसत हुते, आक्का. माजं पोरगं मातीत, आन मी तुमच्या वसरीवर गानं म्हनत हुते. ते मला लई लागतंय. अजून."

वसुधाला रडू फुटलं. गुणाबाईनं तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. रडणं ओसरेपर्यंत ती भात पसरत राहिली.

निघायची वेळ झाली. गाडीवान बैल जुंपत होता. तेव्हा वसुधाच्या मनात एकाएकी आलं, आणि ते आलं तसं तिला स्वतःचीच लाज वाटली, की इतक्या वर्षांत आपण त्याला 'गुणाबाईचं पोरगं' एवढंच म्हणत आलो. तिनं विचारलं, "गुणाबाई, त्याचं नाव काय होतं गं?"

गुणाबाईनं वर पाहिलं. तिचे ओठ हलले; नाव तिच्या तोंडाशी आलं असावं. मग तिनं मान फिरवली.

"तुमच्या घरात हुते तवा कुनी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या."

ती अंगणाच्या कडेपर्यंत आली, बैलांना वाट मिळावी म्हणून तिनं वाळत घातलेला भात पायानं जरा बाजूला सारला आणि मागे वळली.

गाडी उतरणीला लागली. विद्युल्लता ओढ्यावरच्या खेकड्यांचं सांगून सांगून दमली आणि आईच्या मांडीवर झोपली. वसुधा त्या मुलखातली नावं मनात घेऊन बघत होती. रवळू. भरमू. आण्णाप्पा. प्रत्येक नाव हळूच एकदा उच्चारायची आणि थांबायची. कुठलंच त्या पोराचं वाटत नव्हतं.